एम १०१ दुर्बिणीतून का निसटते आणि ती कशी पाहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०० मिलिमीटर आरशाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. मेसिएच्या यादीतला एम १३ हा तारकागुच्छ (एम म्हणजे त्या यादीतला क्रमांक), एम ८१ आणि एम ८२ ही दीर्घिकांची जोडी, कन्या राशीतली एम १०४ हे सगळे पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सापडले. मग तक्त्यात जवळजवळ एम १०४ इतकीच प्रत (तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) असलेली एम १०१ ही दीर्घिका तीन रात्री शोधूनही का दिसत नाही? दुर्बिणीत दोष आहे का? मोठी दुर्बीण घ्यावी का? एखादा फिल्टर उपयोगी पडेल का? आणि समोरून दिसणाऱ्या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा नुसत्या डोळ्याने, कॅमेऱ्याशिवाय, खरोखर दिसतात का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे सगळे वाचण्याचे श्रम घ्यावेसे वाटतील. हो, दिसतात. मी त्या अनेकदा पाहिल्या आहेत, आणि २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही त्यांची चाहूल लागते. पण चंद्रावरची विवरे दिसतात तशा त्या दिसत नाहीत. आयपीसला डोळा लावला आणि भुजा समोर उभ्या राहिल्या, असे कधी होत नाही. एखादा पट्टा क्षणभर उमटतो, जातो, परत त्याच जागी उमटतो, आणि असे पाचसहा वेळा झाले की तो तिथे आहे याची खात्री पटते. बाकी सगळे या खात्रीपर्यंत कसे पोचायचे याबद्दल आहे.

आता तुमच्या तीन रात्रींबद्दल. दुर्बीण ठीक असावी, कारण एम ८२ आणि एम १०४ दाखवणारा आरसा बिघडलेला नसतो. जागाही बहुधा बरोबर होती. माझा अंदाज असा की तुम्ही तिन्ही रात्री एम १०१ च्या थेट वरून गेलात आणि ती दिसली नाही. घोटाळा तक्त्यातल्या तिच्या प्रतीच्या, ७.९ या आकड्यात आहे.

तक्त्यातली प्रत म्हणजे त्या वस्तूचा सगळा प्रकाश गोळा करून एका बिंदूत ठेवला तर तो केवढ्या ताऱ्यासारखा दिसेल, याचे माप. ताऱ्याच्या बाबतीत ते खरे असते, कारण तारा बिंदूच असतो. दीर्घिकेच्या बाबतीत तो प्रकाश किती जागेत पसरला आहे हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. मूठभर खडूची पूड पाटीवर एका जागी टाकली तर पांढराशुभ्र ढीग दिसतो. तीच मूठ अंगणभर उधळली तर कुणाला कळणारही नाही. एम १०४ आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते. तिची लांबी सुमारे ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि जाडी साडेतीन कला. एम १०१ मात्र तबकडी समोर धरावी तशी पूर्ण चेहरा दाखवते, आणि तिचा व्यास २७ ते २९ कला भरतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण चंद्राएवढा. दोघींचा एकूण प्रकाश सारखाच, पण एम १०१ चा तो सुमारे २५ पट मोठ्या जागेत वाटला गेला आहे.

यापुढचा हिशेब मी मुद्दाम आकड्यांत मांडतो, कारण एकदा तो समजला की आकाश निवडण्याबद्दल वाद उरत नाही. एम १०१ चा प्रकाश तिच्या क्षेत्रफळाने भागला तर दर चौरस विकलेला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरासरी २३.७ प्रत मिळते. उत्तम अंधाऱ्या, चंद्र नसलेल्या रात्रीही आकाश पूर्ण काळे नसते. त्याची स्वतःची उजळी दर चौरस विकलेला २१.८ प्रतीच्या आसपास असते. म्हणजे आकाशाचा उजेड १०० भाग धरला, तर जिथे एम १०१ आहे तिथे साधारण ११७ भाग होतात. डोळ्याने पकडायचा तो हा १७ भागांचा फरक. शहराच्या कडेला आकाश १९ प्रतीचे झाले की हाच फरक १०० वर जेमतेम सव्वा भाग उरतो, आणि शहराच्या आत १८ प्रतीच्या आकाशात अर्धा भाग. १०० आणि १००.५ यांतला फरक, तोही काठ धूसर असलेल्या डागात, कुठलाही डोळा ओळखू शकत नाही. एम १०१ च्या मधल्या भागात प्रकाश सरासरीपेक्षा बराच जास्त आहे, म्हणून बऱ्या आकाशातून तो तेवढा गाभा दिसतो, पण बाकीची दीर्घिका बुडून जाते.

आता एम ५१ ही दीर्घिका पाहा. तिची प्रत ८.४, म्हणजे तक्त्याप्रमाणे ती एम १०१ पेक्षा मंद. पण तिचा विस्तार सुमारे ११ गुणिले ७ कला एवढाच आहे, त्यामुळे तिची सरासरी दर चौरस विकलेला पावणेबावीस प्रत येते. अंधाऱ्या आकाशाच्या १०० भागांवर ती स्वतःचे जवळपास १०० भाग घालते. शहराच्या कडेवरूनही ७-८ भाग उरतात. तक्त्यातल्या मंद दीर्घिकेला तुम्ही सहज पकडाल आणि तेजस्वी दीर्घिका हातातून निसटेल, याचे कारण इतकेच आहे. याचा एक सुंदर पुरावा २०२३ च्या मे महिन्यात आकाशानेच दिला. एम १०१ मध्ये एक अतिनवतारा फुटला आणि अकराव्या प्रतीपर्यंत उजळला. शहराजवळच्या ज्या आकाशातून दीर्घिकेचा मागमूस लागत नव्हता, तिथूनही २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो एकटा तारा स्पष्ट दिसत होता. दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरचा एक तारा दिसतो आणि अब्जावधी ताऱ्यांचे त्याचे घर दिसत नाही! त्या रात्री आयपीसवर वाकलो असताना पसरलेला प्रकाश म्हणजे काय हे मला जेवढे उमगले, तेवढे आधीच्या वाचनातून उमगले नव्हते.

मग मोठी दुर्बीण घेऊन हा फरक वाढेल का? नाही वाढणार. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. दुर्बीण दीर्घिकेचा प्रकाश जितक्या पटीने गोळा करते तितक्याच पटीने तिच्या मागच्या आकाशाचाही करते. १०० ला ११७ हे प्रमाण कुठल्याही आरशातून तसेच राहते. शिवाय पसरलेली वस्तू नुसत्या डोळ्याला जेवढी उजळ दिसली असती त्याहून उजळ कोणतीच दुर्बीण दाखवू शकत नाही. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या झोताची जाडी, म्हणजे एक्झिट प्युपिल, जर डोळ्याच्या बाहुलीएवढी असेल तर प्रतिमा फार तर नुसत्या डोळ्याला दिसावी तेवढी उजळ असते. मॅग्निफिकेशन वाढवले, झोत बारीक झाला, की ती मंदच होत जाते.

दुर्बीण देते ती मोठी प्रतिमा. आणि अंधारातल्या डोळ्याला तीच हवी असते. मंद उजेडात डोळा शेजारशेजारच्या अनेक पेशींचे संदेश एकत्र करून पाहतो, त्यामुळे त्याला बारीक तपशील कळत नाही, पण मोठा, पसरट, फिकट ठिपका बारीक ठिपक्यापेक्षा लवकर कळतो. म्हणून थोडे मॅग्निफिकेशन वाढवले की प्रतिमा मंद होऊनही जास्त दिसू लागते, विशेषतः गाठी आणि भुजांचे तुकडे. तुमच्या दुर्बिणीत २५ मिलिमीटरचा आयपीस ४८ पट देतो आणि झोत ४.२ मिलिमीटर जाडीचा असतो. शोधायला तोच वापरा. १३ मिलिमीटरचा आयपीस ९२ पट देतो, झोत २.२ मिलिमीटर. तपशील पाहायला मला दोन ते तीन मिलिमीटरच्या मधला झोत सर्वांत फलदायी वाटतो. ३०० मिलिमीटरची दुर्बीण घेतली तर याच झोताला प्रतिमा दीडपट मोठी मिळेल, तेवढीच उजळ. तो लाभ खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण १९ प्रतीच्या आकाशाखालची ३०० मिलिमीटरची दुर्बीण आणि २१.८ प्रतीच्या आकाशाखालची तुमची २०० मिलिमीटरची यांत मला निवडायला सांगितले, तर मी तुमची दुर्बीण उचलून अंधाराकडे जाईन. समोरून दिसणाऱ्या दीर्घिकांसाठी आरशाआधी आकाश निवडावे, हे माझे ठाम मत आहे.

आकाश पुरेसे अंधारे आहे का, हे ओळखायला यंत्र नसले तरी चालते. आकाशगंगेचा पट्टा नुसता दिसून भागत नाही. त्यात काळ्या फटी आणि उजळ ढेकळे वेगळी दिसायला हवीत. शरद ऋतूत देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्याने लांबट दिसली, तर त्या जागेवरून एम १०१ मिळेल. रात्र पारदर्शक हवी. ग्रह पाहणाऱ्याला हवा स्थिर लागते, आपल्याला ती धूळ आणि बाष्प यांपासून धुतलेली लागते. पाऊस होऊन आकाश मोकळे झाल्यावरची रात्र तारे कितीही लुकलुकत असले तरी सोडू नका. आणि वस्तू आकाशात जास्तीत जास्त उंच असेल ती वेळ धरा. क्षितिजापासून ३० अंशांवर तिचा प्रकाश डोक्यावर असतानाच्या दुप्पट हवेतून येतो, आणि खालच्या बाजूला आकाशही जास्त उजळ असते.

डोळ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण दुर्बिणीच्या चर्चेत डोळा हा अर्धा भाग आहे हे बहुधा राहूनच जाते. अंधारात गेल्यावर बाहुली काही मिनिटांत मोठी होते, पण खरी संवेदना येते ती दंडपेशींमधले, म्हणजे डोळ्यातल्या मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमधले, रोडॉप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य पुन्हा साठल्यावर. त्याला किमान २० ते ३० मिनिटे लागतात आणि त्यानंतरही थोडी वाढ चालू राहते. मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की घड्याळ परत सुरुवातीपासून. लाल दिवाही अगदी मंद हवा. दंडपेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही म्हणून तो चालतो, पण भगभगीत लाल दिवा नुकसान करतोच. मी डोक्यावरून जाड काळे कापड घेतो, आयपीससकट. तुमच्या आसपास एकही दिवा नसला तरी ताऱ्यांच्या आणि आकाशाच्या उजेडाने डोळ्याच्या कडेला जे चमकत राहते, ते कापडाने जाते. पहिल्यांदा हे करून पाहाल तेव्हा दीर्घिकेचा काठ दोन-चार कला बाहेर सरकलेला दिसेल.

मग तिरकी नजर. डोळ्याच्या ज्या मध्यभागाने आपण वाचतो तिथे दंडपेशी नसतातच. त्या सर्वांत दाट असतात मध्यापासून सुमारे १५ ते २० अंश बाजूला. म्हणून वस्तूकडे सरळ पाहायचे नाही, तिच्या थोडे बाजूला पाहायचे आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचे. कोणत्या बाजूला? उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला येईल. डाव्या डोळ्याने पाहताना उलट. कानाच्या बाजूला आणली तर ती अंधबिंदूवर पडून साफ नाहीशी होऊ शकते, आणि तुम्ही आकाशाला दोष द्याल. नजर बाजूला नेऊन ती तिथेच काही सेकंद स्थिर ठेवा. श्वास रोखू नका, चालू द्या. दुर्बीण वाकून पाहावी लागत असेल तर बसायला काहीतरी घ्या. मान आखडली असताना मी आजवर एकही भुजा पाहिलेली नाही.

आणखी एक युक्ती, जी एम १०१ साठी सर्वांत उपयोगी ठरते. दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारा, किंवा ती सावकाश मागेपुढे हलवा. स्थिर, फिकट डागाची डोळा लवकर सवय करून घेतो आणि त्याला पुसून टाकतो. तोच डाग हलला की जाणवतो. तुमच्या ४८ पटीच्या आयपीसमध्ये सुमारे एक अंश आकाश दिसते, आणि एम १०१ त्यातली अर्धी रुंदी व्यापते. ती मध्यावर आणून थांबलात तर तिच्याभोवती पुरेसे रिकामे आकाश तुलनेला उरत नाही. त्यापेक्षा तिच्या बाहेरून आत, आतून बाहेर दुर्बीण संथ फिरवा. एखाद्या ठिकाणी आकाश किंचित दुधाळ होते आणि पुढे परत काळे होते. तेच ती.

जागा शोधायला सप्तर्षींच्या शेपटीतले शेवटचे दोन तारे घ्या, वसिष्ठ आणि मरीची. या दोघांना पाया धरून ध्रुवाच्या बाजूला एक समभुज त्रिकोण कल्पा. त्याच्या टोकाशी एम १०१ आहे. पण माझी पसंती दुसऱ्या वाटेला आहे. वसिष्ठ-अरुंधतीपासून पूर्वेकडे पाचव्या-सहाव्या प्रतीच्या ताऱ्यांची एक माळ जाते. फाइंडरमध्ये, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत, ती माळ धरून चालत जायचे, आणि माळेच्या शेवटी थोडे उत्तरेला वळायचे. वसिष्ठापासून एकूण अंतर सुमारे साडेपाच अंश.

इथे एक सावधगिरी. एम १०१ च्या आजूबाजूला छोट्या, एकवटलेल्या दीर्घिका आहेत. दक्षिणेला पाऊण अंशावर एनजीसी ५४७४ (एनजीसी ही मेसिएच्या यादीहून मोठी अशी दुसरी यादी) आणि उत्तरेला अर्ध्या अंशाच्या थोडे पुढे एनजीसी ५४७३. दोन्ही अकराव्या प्रतीच्या आसपास, पण लहान असल्यामुळे डोळ्यात भरतात. बऱ्याच जणांच्या वहीत एम १०१ म्हणून जे टिपले जाते ते यांपैकी एक असते. तुम्हाला छोटा, नेटका, गोल ठिपका दिसला तर ती एम १०१ नव्हे.

तुमच्यासारखाच अनुभव तिच्या शोधकाचाही आहे. प्येर मेशँने तिला १७८१ च्या मार्चमध्ये शोधले, आणि तिचे वर्णन करताना ती फार अंधूक आहे, ६ ते ७ कला व्यासाची आहे आणि आयपीसमधल्या मोजमापाच्या बारीक धातूच्या तारा उजळल्या की ती ओळखणे कठीण जाते, असे नोंदवले. म्हणजे त्या सराईत डोळ्यालाही तिचा फक्त पाव व्यास दिसला, आणि मोजमापाच्या तारांवर टाकलेला इवलासा उजेडही तिला झाकायला पुरला. मोबाइलबद्दल मी इतका आग्रह का धरतो ते यावरून कळेल.

पण पुढच्या अमावास्येला थेट एम १०१ वर जाऊ नका असेच मी सांगेन. आधी एम ५१ वर अर्धा तास घालवा. ती मरीचीपासून नैर्ऋत्येला साडेतीन अंशांवर आहे, श्यामशबल तारकासमूहात. पहिल्या नजरेत दोन धूसर ठिपके दिसतील, एक मोठा आणि एक लहान. लहान तो तिचा सोबती एनजीसी ५१९५. इथे बरेच जण समाधान मानून पुढे जातात. तुम्ही थांबा. पाचएक मिनिटांनी मोठ्या ठिपक्याच्या गाभ्याभोवती एक फिकट वर्तुळ जाणवू लागेल. आणखी वेळाने त्या वर्तुळाची जाडी सगळीकडे सारखी नाही हे कळेल. गाभा आणि वर्तुळ यांच्यामध्ये एखाद्या बाजूला थोडे काळे दिसेल. तो काळा भाग हाच खरा धागा आहे. भुजा शोधण्यापेक्षा भुजांमधला अंधार शोधणे डोळ्याला सोपे जाते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

या वर्तुळाला मोठा इतिहास आहे. यादी करणाऱ्या चार्ल्स मेसिएने १७७३ मध्ये एम ५१ पाहिली तेव्हा त्याला तारे नसलेला मंद तेजोमेघ दिसला. पुढे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शलने सव्वाअठरा इंच आरशाच्या दुर्बिणीतून तिचे चित्र काढले, त्यात गाभ्याभोवती एक कडे आहे आणि ते एका बाजूला दुभंगलेले आहे. त्याला कडे दिसले, सर्पिल दिसले नाही. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या बर किल्ल्यात लॉर्ड रॉसच्या ७२ इंची दुर्बिणीतून पहिल्यांदा भुजांची वळणे ओळखली गेली. त्या काळचे आरसे धातूचे होते, नवे असतानाही ते आजच्या आरशांपेक्षा बरेच कमी प्रकाश परावर्तित करत आणि लवकर काळवंडत. तरी हर्शलची दुर्बीण आजच्या बारा इंचीच्या तोडीची नक्कीच होती. आज अंधाऱ्या आकाशाखाली बारा इंचीतून सरावलेल्या माणसाला एम ५१ च्या भुजा सहसा दिसतात. फरक हा की काय शोधायचे ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. हर्शलच्या कड्यात त्या भुजाच होत्या.

यातून एक अडचणही उभी राहते. ठाऊक असलेले डोळा रचूनही देतो. छायाचित्र डोक्यात घेऊन आयपीसवर बसलेल्या माणसाला भुजा 'दिसणे' फार सोपे आहे. यावर माझा उपाय चित्र काढण्याचा. वहीत आधी फक्त क्षेत्रातले तारे मांडतो, जागा नीट मोजून. मग दीर्घिकेचा गाभा. मग जे पाचसहा वेळा त्याच जागी उमटले तेवढेच, कोणत्या ताऱ्यापासून किती अंतरावर ते लिहून. जे एकदाच दिसले त्यापुढे प्रश्नचिन्ह. निरीक्षणाच्या आधी आठवडाभर त्या दीर्घिकेचे छायाचित्र पाहत नाही, आणि चित्र पूर्ण झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ताऱ्यांच्या आधाराने तुलना करतो. पट्टा जुळला तर तो पाहिला. नाही जुळला तर तसे नोंदवतो. हे करताना हात चित्रकाराचा असण्याची गरज नाही. चित्र काढायचे म्हणून डोळा एका वस्तूवर वीस-तीस मिनिटे टिकतो, हाच त्याचा मोठा लाभ.

तुलना करताना भुजा कोणत्या दिशेने वळतात हेही पाहा, पण दुर्बिणीचा प्रकार ध्यानात ठेवून. तुमच्या न्यूटोनियन प्रकारच्या डॉब्समध्ये दोन परावर्तने होतात. प्रतिमा उलटी फिरते, पण उजवे-डावे आरशासारखे बदलत नाही, त्यामुळे वही फिरवली की छायाचित्राशी जुळते. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी डायगोनल लावला असेल तर आरशातली प्रतिमा मिळते आणि भुजा उलट्या दिशेने वळलेल्या दिसतात. हे माहीत नसल्यामुळे चांगली निरीक्षणे चुकीची समजून फाडून टाकलेली मी पाहिली आहेत, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

एम ५१ मध्ये वळण सापडले की एम १०१ कडे या. पहिल्या पाच मिनिटांत दहा-बारा कलांचा गोल धूसरपणा आणि मध्ये किंचित दाट गाभा. थोड्या वेळाने हा धूसरपणा गुळगुळीत नाही, डागाळलेला आहे असे वाटू लागेल. मग १३ मिलिमीटरचा आयपीस लावा. आता भुजा शोधू नका, गाठी शोधा. एम १०१ च्या भुजांमध्ये तारे जन्मणारे वायूचे इतके मोठे ढग आहेत की त्यांना स्वतंत्र एनजीसी क्रमांक मिळाले आहेत. गाभ्याच्या आग्नेयेला एनजीसी ५४६१, पूर्वेला सहा कलांवर एनजीसी ५४६२, नैर्ऋत्येला एनजीसी ५४४७. पूर्वेलाच सुमारे ११ कलांवर, दीर्घिका संपली असे वाटते त्याच्याही बाहेर, एनजीसी ५४७१, जो जवळजवळ अंधूक ताऱ्यासारखा दिसतो. या गाठी म्हणजे भुजांवरचे मैलाचे दगड. दोन-तीन गाठी पक्क्या झाल्या की त्यांना जोडणारा फिकट पट्टा आपोआप जाणवायला लागतो, आणि एम १०१ ची पूर्वेकडची भुजा मला नेहमी याच क्रमाने मिळाली आहे. आधी गाठ, मग तिच्यामागून भुजा.

बाकीच्या समोरून दिसणाऱ्या दीर्घिकांबद्दल थोडक्यात. एम ३३ किंचित तिरपी असली तरी सरावाला उत्तम, मात्र ती एक अंशाहून मोठी आहे, तेव्हा सर्वांत कमी मॅग्निफिकेशन ठेवा. एम ८३ वासुकीत आहे, तिच्यातला आडवा दंड भुजांच्या आधी दिसतो. मीन राशीतली एम ७४ शेवटी ठेवा. मेसिएच्या यादीतली सर्वांत अवघड वस्तू म्हणून तिची ख्याती आहे आणि ती रास्त आहे.

उरला फिल्टर. दिव्यांचा उजेड कापणारे फिल्टर दीर्घिकेला जवळपास निरुपयोगी, कारण दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, आणि तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर आकाशाबरोबर तिलाही कापतो. गाठींची गोष्ट मात्र वेगळी. त्या वायूच्या आहेत आणि त्यांचा बराच प्रकाश ऑक्सिजनच्या दोन हिरवट रेषांत एकवटलेला असतो. म्हणून ओ-तीन फिल्टर हाताशी असेल तर तो आयपीसवर बसवू नका. चिमटीत धरून डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये आत-बाहेर सरकवा. आधी एम ३३ मधल्या एनजीसी ६०४ वर हे करून पाहा, तिथे परिणाम ठळक आहे. मग एम १०१ वर या. फिल्टर आत आला की दीर्घिका विरते, आसपासचे तारे मंदावतात, आणि एनजीसी ५४६१, ५४६२, ५४७१ आपापल्या जागी तशाच उभ्या राहतात. फिल्टर बाहेर काढला की त्यांच्याभोवती ती धूसर तबकडी पुन्हा भरून येते.